गळ टाकण्यापूर्वी



पावसाळ्याची चाहूल लागली की आपल्या धर्मग्रामात सहलींचे बेत रंगू लागतात. यंदा काही मंडळींनी जरा निराळा बेत आखला आहे. पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातील एका धरणाच्या तलावावर जायचे, दिवसभर गळ टाकून बसायचे, मिळेल तो मासा तिथेच भाजून खायचा आणि अंधार पडण्याआधी घरी परतायचे. यादीही तयार होत आली आहे: गळ, दोरी, आमिषासाठी गांडुळे आणि कणकेचे गोळे, मीठ-मसाला, छत्र्या, चहाचा थर्मास, टेम्पो, माणशी वर्गणी. पहिल्या पावसातच जावे असा काहींचा आग्रह आहे, कारण तेव्हा वलगणीचा मासा चढतो.

मिस्सा संपल्यावर देवळाच्या अंगणात ह्या बेताची चर्चा झाली, तेव्हा तीन प्रश्न पुढे आले. एकाने विचारले, "फादर, पोटासाठी मासे धरणे ठीक आहे, पण निव्वळ मजेसाठी धरणे पाप नाही ना?" एका आईने विचारले, "पाण्यावर मुले जाणार, त्यांची जबाबदारी कोणाची?" आणि एका आजोबांनी हळूच विचारले, "रविवारी जाणार, मग मिस्सेचे काय?" तिन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात. पण तिन्हींच्या मुळाशी एकच मोठा प्रश्न आहे: आपण एखादा बेत आखतो, तेव्हा त्यात कोणाकोणाला जागा देतो? आज आपण त्यावर थोडा विचार करू या.

खेळ हाही सद्गुण

प्रथम एक शंका दूर करू. विरंगुळा म्हणजे वेळ वाया घालवणे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. वाडीत राबलेल्या आणि लोकलच्या गर्दीत आयुष्य काढलेल्या माणसांना असे वाटणे साहजिक आहे. परंतु तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस ह्यांनी खेळ आणि विनोद ह्यांना सद्गुणांच्या यादीत जागा दिली आहे. त्यासाठी ते एक जुनी कथा सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना ते रुचले नाही. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले. त्याने अनेक बाण सोडल्यावर योहानाने विचारले की, हे असेच न थांबता करता येईल काय? तो म्हणाला की, तसे केले तर धनुष्यच मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हे योहानाने त्या लोकांच्या ध्यानात आणून दिले.

हा योहान स्वतः गालिलीच्या सरोवरावरचा मच्छीमार होता. दोरी किती ताणावी आणि कधी सैल सोडावी, हे त्याला वेगळे शिकवावे लागले नसेल!

मात्र संत थॉमस खेळाला मोकळे रान देत नाहीत. खेळातला आनंद कोणाला इजा करून मिळवलेला नसावा, खेळताना मनाचा तोल जाऊ नये, आणि खेळ त्या माणसांना, त्या वेळेला, त्या स्थळाला साजेसा असावा, अशा तीन अटी ते घालतात. तलावावरच्या एका दिवसालाही ह्या तिन्ही अटी लागू पडतात, हे पुढे दिसेलच.

दोन बेत

बेत आखणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असेही काही भाविकांना वाटते. "देव पाहून घेईल" म्हणून ते मोकळे होतात. पण संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. शहाणा माणूस आधी बसतो, खर्चाचा हिशेब करतो, आणि मगच पाया घालतो. म्हणजे आधी विचार करणे प्रभूला नापसंत नाही. योहान आणि त्याचा भाऊ याकोब ह्यांना प्रभूने पाचारण केले, तेव्हा ते मचव्यात बसून जाळी नीट करत होते. उद्याच्या मासेमारीची ती तयारीच होती. १९८६ साली दुष्काळामुळे गालिली सरोवराचे पाणी ओसरले आणि चिखलात पहिल्या शतकाच्या सुमारास बांधलेली एक होडी सापडली. सुमारे आठ मीटर लांबीच्या त्या होडीत बारा प्रकारची लाकडे वापरलेली आढळली. मिळेल त्या लाकडाची ठिगळे लावून कोणी गरीब मच्छीमार ती वर्षानुवर्षे वापरत होते. पुढचा विचार केल्याशिवाय होडी इतकी वर्षे टिकत नाही.

मग त्याच शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाचे काय? त्यानेही बेत आखलाच होता. पीक अमाप आले, जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची ठरली, मग खाणेपिणे आणि आराम. हिशेबात त्याची काहीच चूक नव्हती. तो दाखला पुन्हा लक्ष देऊन वाचला तर एक गोष्ट जाणवते. त्या माणसाच्या बोलण्यात दुसरे कोणीच नाही. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. ना शेजारी, ना मजूर, ना कुटुंब, ना देव. तो बोलतो तेही स्वतःशीच. त्याच रात्री त्याचा जीव मागून घेतला जातो, आणि सारा बेत कोठारातच राहतो.

संत याकोब आपल्या पत्रात हेच बजावतो. आज किंवा उद्या अमुक गावी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असे म्हणणाऱ्यांना तो आठवण करून देतो की, आपले आयुष्य थोडा वेळ दिसून नाहीशा होणाऱ्या वाफेसारखे आहे. प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे किंवा ते करू, असे आपण म्हणावे. आपणही "देवाची मर्जी असेल तर" असे सहज म्हणतो. पण ते ओठांवरचे पालुपद राहते की बेतात खरोखर उतरते, हा खरा प्रश्न आहे. बेत किती चोख आहे एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. त्यात आपल्याशिवाय आणखी कोणाला जागा आहे, हे पाहावे लागते. ह्या कसोटीवर आपली तलावाची यादी लावून पाहू.

बरोबर येणारे

यादीत पहिली जागा हवी ती सोबत्यांच्या जिवाला. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आपण किनाऱ्यालगतची माणसे. खाडीत आणि समुद्रात डुंबत वाढलो. त्यामुळे तलाव म्हणजे काय मोठेसे, असे तरुणांना वाटते. पण खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडा अडीच टक्क्यांनी जड असते आणि माणसाला अधिक उचलून धरते. खाडीत सहज तरंगणारा पोहणारा धरणात लवकर दमतो. त्यात काठाजवळचा निसरडा उतार, तळाचा गाळ, पाण्याखाली गेलेल्या झाडांचे बुंधे. पावसात पाण्याची पातळी पाहता पाहता वाढते. दर पावसाळ्यात धरणांवर आणि धबधब्यांवर तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासन मनाई आदेशही काढते. तो आदेश मोडून जाणे ह्याला कोणी धाडस म्हणू नये. आपल्या घरच्यांच्या अश्रूंशी तो खेळ आहे.

संत थॉमस सुज्ञता ह्या सद्गुणाचे निरनिराळे भाग सांगतात. त्यांत स्मरण आहे, म्हणजे पूर्वी काय घडले ते न विसरणे. शिकण्याची तयारी आहे, म्हणजे जाणत्यांना विचारणे. दूरदृष्टी आहे, सभोवतीचे भान आहे आणि सावधपणा आहे. तलावाच्या भाषेत सांगायचे तर, काठच्या गावकऱ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नये. पोहता येवो न येवो, प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट न्यावे. एक लांब जाड दोर आणि झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन काठावर हाताशी ठेवावेत. लहान मुलांमागे एक मोठा माणूस नेमून द्यावा, आणि त्याच्या हातात गळ देऊ नये. दारूची बाटली यादीत असेल तर ती आजच खोडावी. मनाचा तोल जाऊ नये ही संत थॉमस ह्यांची अट तिथे पहिल्याच घोटाला मोडते. जबाबदारी कोणाची, ह्याचे उत्तर घरून निघण्यापूर्वी नावानिशी ठरलेले असावे. अपघात झाल्यावर ते शोधू नये.

तलावाकाठचे लोक

दुसरी जागा आहे ती आपण क्वचितच ज्यांचा विचार करतो, त्यांना. आपण म्हणतो, "तलाव कोणाच्या बापाचा थोडाच आहे?" पण धरणाचा तलाव रिकाम्या जागेवर बनत नाही. त्याच्या तळाशी कोणाची तरी भातशेती असते, पायवाट असते, कधी कधी अख्खा पाडा असतो. सूर्या प्रकल्पाचे, उसगावचे आणि पेल्हारचे पाणी वसई-विरारच्या नळाला येते, तेव्हा आपणही त्या तळाचे ऋणी असतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. ती मुंबईची तहान भागवतात. त्याच तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी गाण्यांचा गोंगाट करत, थर्माकोलच्या पत्रावळी आणि बाटल्या टाकत आपण मजा करायला गेलो, तर स्थळाला साजेसा खेळ ही अट पाळली असे कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपल्या राज्यात बहुतेक धरणांच्या तलावांतील मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. रोहू, कटला, मृगळ ह्यांचे बीज ते पैसे मोजून सोडतात आणि त्यावर त्यांची घरे चालतात. त्यांना न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या वाडीतली केळी कापणे. तेव्हा संस्थेची परवानगी घ्यावी, फी असेल ती द्यावी, आणि जमल्यास वाट दाखवायला तिथलाच एखादा माणूस योग्य मजुरी देऊन बरोबर घ्यावा. तानसासारखा तलाव तर अभयारण्यात आहे. तिथे गळ टाकण्याचा विचारही मनात आणू नये.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काहीही वाया जाऊ नये म्हणून. आपणही येताना आपला कचरा गोणीत भरून परत आणला, तर ते त्या आज्ञेचे पालनच ठरेल.

आणि मासा?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मजेसाठी मासा धरणे पाप आहे काय? मासे खाण्यात पाप नाही, हे स्पष्ट आहे. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. ख्रिस्तसभेची शिकवण सांगते की, अन्नासाठी आणि वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची माणसाला मुभा आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या स्वतःच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात हाच धागा पुढे नेला. सृष्टीवर आपल्याला दिलेला अधिकार हा मालकाचा नाही, राखणदाराचा आहे, असे त्यांनी आपल्याला शिकवले.

कोणी म्हणेल, माशाला कसली आली वेदना? २००३ साली एडिंबरा येथील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. माशाला आपल्यासारखे दुःख जाणवते की नाही, ह्यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण जिथे शंका आहे, तिथे दयेच्या बाजूने झुकणे बरे. अमेरिकेत अनेक हौशी लोक मासा धरून पुन्हा सोडून देतात आणि त्याला माशावरची दया समजतात. उलट स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडून देण्यासाठी मासा धरण्यास कायद्यानेच मनाई आहे. खायचा नसेल तर त्याला त्रास का द्यावा, असा त्यांचा विचार. आम्हांला हा दुसरा विचार अधिक पटतो. दुसऱ्या जिवाची तडफड हाच आपला खेळ होऊ नये. जेवढे खाऊ शकू तेवढेच धरावे. धरलेला मासा बादलीत तासन् तास तडफडत ठेवू नये, लगेच मारावा. चुकून लहान पिल्लू लागले तर ओल्या हाताने धरून हळूच सोडावे.

ह्यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. बाजारातून मासा विकत घेणारा तरी कुठे निर्दोष आहे? खरे आहे. त्याच्यासाठीही कोणीतरी जाळे टाकलेच होते. किंबहुना गळ टाकणारा निदान मरणारा मासा डोळ्यांनी पाहतो. विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. आपल्या ताटासाठी एक जीव गेला हे त्या दिवशी आपल्या मुलांना कळले, आणि जेवणापूर्वीची प्रार्थना त्यांनी जरा मनापासून म्हटली, तर ती सहल सार्थकी लागली असे समजावे.

परंतु वलगणीबद्दल आम्हांला वेगळे सांगायचे आहे. पहिल्या सरी कोसळल्या की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात ते अंडी घालण्यासाठी. त्यांच्या पोटात गाबोळी असते, आणि म्हणूनच ते आपल्याला हवेहवेसे वाटतात. एका मोठ्या रोहू मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. ती मादी पहिल्याच पावसात तव्यावर गेली, तर पुढच्या वर्षी तलावात काय उरेल? जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात एक छोटा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि मादी अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर दोघांना एकत्र घेऊ नये, आईला जाऊ द्यावे. एवढ्या मोठ्या नियमशास्त्रात देवाने एका चिमुकल्या पक्षिणीसाठी जागा ठेवली आहे. तलावातली मादीही त्याच निर्मात्याची आहे.

आपल्या कोळी बांधवांकडे पाहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांची वीण वाढावी म्हणून ते आपल्या बोटी शाकारून ठेवतात आणि दोन महिने कमाईवर पाणी सोडतात. ज्यांचे पोट माशावर आहे ते थांबतात. मग ज्यांची केवळ हौस आहे, त्यांनी नेमक्या त्याच दिवसांत गळ घेऊन निघावे काय? वेळेला साजेसा खेळ ही संत थॉमस ह्यांची अट इथे आपल्याला सरळ थांबवते. म्हणून आमची आपणां सर्वांना कळकळीची विनंती आहे: हा बेत रद्द करू नका, पुढे ढकला. पावसाळा सरू द्या, पाणी निवळू द्या. हिवाळ्यात गळाला मासा कमी लागेल कदाचित. पण मुले सुरक्षित असतील आणि तलावात पुढची पिढी पोहत असेल.

घर आणि देऊळ

यादीत अजून दोन जागा राहिल्या. पहिली घरची. पुरुषमंडळींच्या सहलीसाठी पहाटे चारला उठून डबे कोण भरते, आणि रात्री आणलेले मासे साफ करायला कोण बसते? बेत आखताना तिला विचारले होते काय? ती बरोबर येणार असेल तर तिच्याही हाती गळ द्या, आणि चूल पुरुषांनी पेटवावी. येणार नसेल तर मासे साफ करूनच घरी आणा.

दुसरी जागा प्रभूच्या दिवसाची. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेत भाग घेतल्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. तेव्हा सर्वांनी मिळून आदल्या संध्याकाळी मिस्सेला यावे आणि तिथूनच सहलीची सुरुवात झाली असे समजावे. सहल आहे म्हणून मिस्सा चुकली, असे म्हणणाऱ्याने यादीत थर्मासला जागा दिली, प्रभूला दिली नाही.

रिकामा गळ

एवढे सगळे केल्यावरही एक गोष्ट आपल्या हाती नाही: मासा. सगळी तयारी करता येते. पण ज्यासाठी जायचे, तेच नक्की नसते. म्हणून मासेमारी हा श्रद्धेचा चांगला वर्ग आहे.

गालिलीच्या समुद्राला आपण समुद्र म्हणतो, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. सुमारे २१ किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून अधिक खोल जागी वसलेले. तिथला 'संत पेत्राचा मासा' म्हणून ओळखला जाणारा मासा आपल्या धरणांत मिळणाऱ्या चिलापीच्याच कुळातला आहे. पुनरुत्थानानंतर एके संध्याकाळी पेत्राने सोबत्यांना सांगितले की, तो मासे धरायला निघाला आहे. बाकीचेही निघाले. सातजण, सगळे जाणते. पाणी ओळखीचे, जाळी घरची. आणि रात्रभर एकही मासा मिळाला नाही.

पहाटे काठावर प्रभू उभा होता. त्याच्या शब्दावरून त्यांनी जाळे टाकले आणि ते १५३ मोठ्या माशांनी भरले, हे आपण दर वर्षी ऐकतो. पण ते काठावर उतरले, तेव्हा कोळशाचा विस्तव आधीच पेटलेला होता, त्यावर मासा होता आणि भाकर होती. त्यांचे जाळे किनाऱ्याला लागण्याआधीच न्याहारीची तयारी झाली होती. मग प्रभूने त्यांनाही त्यांच्या माशांतले काही आणायला सांगितले. आपल्या श्रमांना त्या न्याहारीत जागा आहे; पण न्याहारी आपल्या श्रमांवर अवलंबून नाही. देवाची योजना आणि माणसाचा बेत ह्यांचे नाते ह्याहून सोप्या शब्दांत आम्हांला मांडता येणार नाही.

म्हणून सहलीच्या यादीत शेवटी रिकाम्या गळालाही जागा ठेवा. बरोबर डाळ-भाताचे सामान असू द्या. मासा लागला नाही तर चिडू नका, एकमेकांना दोष देऊ नका, आणि येताना वाटेतल्या बाजारातून मासे घेऊन शेजाऱ्यांना "आम्हीच धरले" असे तर मुळीच सांगू नका! दिवसभर पाण्याकडे पाहत शेजारी बसलेल्या दोन भावांचे जुने भांडण मिटले, किंवा बापाला मुलाच्या मनातले कळले, तर त्या दिवशी कोणाचाही गळ रिकामा आला नाही.

प्रभूची इच्छा असेल तर पावसाळ्यानंतर आपण सारे मिळून जाऊ. तोपर्यंत यादी पुन्हा एकदा वाचा, आणि त्यात कोणाचे नाव राहून गेले आहे का, ते पाहा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

— आपले प्रमुख धर्मगुरू